एकादशीला टाळलेला झरा

डार्मश्टाटच्या एका चर्चच्या मागच्या अंगाला, गेमाइंडेझाल म्हणतात त्या सभागृहात, दर एकादशीच्या संध्याकाळी मृदंगाला कणीक लागते. भिंतीवर लाकडी क्रूस, खाली स्टुलावर विठोबाची तसबीर, आणि दोघांच्या मधोमध मांडी घालून बसलेले वासुदेव नलवडे. वाटीत कणीक भिजवायची, बोटांनी मळायची, मृदंगाच्या डाव्या पुडीवर थापायची, एक थाप मारून कान द्यायचा. आणि नाद पोटातून आला असे वाटेपर्यंत पुन्हा मळायची. सभागृहाची किल्ली सांभाळणारा हाउसमाइस्टर दारात उभा राहून हे पाहतो आणि, हेर म्हणजे श्रीयुत लावून, दर वेळी तेच म्हणतो, "हेर नलवडे, पीठ छान मळता, पण आमच्याकडे ओव्हन नाही."

वासुदेवराव हसतात. अशा हसतमुख माणसाची ही कथा आहे. आणि ते हसू एका वर्षी कसे मावळले, त्याची.

कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या कऱ्हाडात ते वाढले. लहानपणी एका कीर्तनकार बुवांनी त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून घासातली मासळी सुटली, मटण सुटले, अंडे सुटले. पुढे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले, पंपांच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि त्या नोकरीचे बोट धरून ते पत्नी सरितासह जर्मनीत आले. मुलगी ऋचा इथेच जन्मली. खाणींना पाण्याबाबत सल्ला देणाऱ्या कचेरीतले काम त्यांच्या मनाजोगे होते. खाण खोल जाऊ लागली की भोवतालच्या खडकातले पाणी तिच्यात उतरते. ते पाणी कुठून येते हे ओळखायचे, ते उपसण्यासाठी बोअर कुठे घ्यायची आणि पंप कोणता बसवायचा हे ठरवायचे. जमिनीखालचे पाणी या माणसाला वरून दिसते, असे कचेरीत कौतुकाने म्हणत.

माळेची शिस्त त्यांनी परक्या मुलखातही ढळू दिली नाही. कचेरीत कोणाच्या वाढदिवसाचा केक आला की "अंडं आहे का यात?" हा त्यांचा प्रश्न ठरलेला. शेवटी सहकारीच त्यांच्यासाठी बिनअंड्याचा एक लहान केक वेगळा भाजून आणू लागले. इतके प्रेम माणसाला परक्या देशात मिळावे, याचे वासुदेवरावांना अप्रूप वाटे, आणि ते खरेच अप्रूप होते. पण जपलेल्या शिस्तीत कधी एक बारीक अभिमान येऊन बसतो, आणि तो इतका स्वच्छ कपडे घालून येतो की त्याला कोणी हटकत नाही. आपल्या हातून कोणाचा जीव जात नाही, या समजुतीवर वासुदेवरावांना शांत झोप लागे.

मग उत्तरेचे काम आले.

स्वीडनच्या अगदी वरच्या टोकाला, ध्रुववृत्ताच्या पलीकडे, तांब्याची एक खाण वाढवायची होती. तांबे जर्मनीत येणार, मोटारींत जाणार, त्या मोटारी धूर सोडणार नाहीत. कामात पुण्यच दिसत होते. खाणीच्या पश्चिमेला एक तळे होते, तळ्याला मिळणारा एक ओढा होता, आणि ओढ्याच्या उगमाशी गोट्यांच्या फटींतून वर येणारा एक झरा होता. त्या तळ्यात झाइब्लिंग राहत. लाल पोटाचा, कल्ल्यांकडच्या परांना पांढरी कड असलेला, गार पाण्यावाचून न जगणारा हा मासा. हिमयुगापासून त्या तळ्यांत टिकून राहिलेला. शरद ऋतूत तो तळ्यातून ओढ्यात चढतो आणि झऱ्याच्या तोंडाशी, गोट्यांच्या आड, अंडी घालतो. दुसरीकडे घालून चालत नाही. हिवाळ्यात ओढा तळापर्यंत गोठतो. जमिनीतून पाणी जिथे वर येते तेवढीच जागा मोकळी राहते. बर्फाच्या त्या अफाट राज्यात तेवढेच एक बाळंतघर. तिथे, अंधारात, गोट्यांच्या कुशीत, अंडी वसंतापर्यंत निजतात.

प्रश्न एवढाच होता, की त्या झऱ्याचे पाणी येते कुठून. वरच्या टेकडीत मुरलेल्या पावसाचे असेल, तर खाणीने कितीही उपसा केला तरी झऱ्याला धक्का नव्हता. खोल खडकाच्या भेगांतून येत असेल, तर खाण आणि झरा एकाच रांजणातून पीत होते. तिकडे उपसले की इकडे आटणार होते. उत्तर वासुदेवरावांनी द्यायचे होते.

सप्टेंबरच्या अखेरीस ते तिकडे गेले. बरोबर हेन्रिके लोझे होती. ती त्यांच्याच कचेरीतली, माशांचा अभ्यास करणारी, साठीकडे झुकलेली, बाह्या सदैव कोपराच्या वर सरसावलेली बाई. मासे तिच्याकडे, पाणी वासुदेवरावांकडे, अशी कामाची वाटणी होती. हेन्रिकेने झऱ्याच्या तोंडाशीच तंबू ठोकला होता. जाळ्यात आलेले मासे मोजून ती बहुतेक सोडून देई. थोडे मात्र मारून चिरी. माशाच्या कानात एक पांढरा खडा असतो आणि त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलये असतात. तळ्यात कोणत्या वयाचे मासे आहेत, कोणती पिढी भरलेली आणि कोणती विरळ, हे त्या खड्यांवरून कळते.

"चला, हेर नलवडे," सकाळी तिने मुक्कामाच्या दाराशी येऊन हाक मारली. "झऱ्यात हात घालून बघा. इथले रेनडिअर पाळणारे लोक सांगतात की कडाक्याच्या थंडीत त्याच्यावरून वाफ निघते. वरचं पाणी असं वागेल का?"

"तिथे आज मासे चिरणार आहात ना तुम्ही?"

"थोडेसे. का, रक्त बघून चक्कर येते?"

"आज एकादशी आहे. उपास असतो माझा."

"मी खायला कुठे बोलावतेय? पाण्यात हात घालायला बोलावतेय."

"उद्या येतो."

"उद्या तुमचं विमान आहे," हेन्रिके म्हणाली, आणि खांदे उडवून ओढ्याच्या वाटेला लागली.

वासुदेवराव झऱ्यापर्यंत गेले नाहीत. भाद्रपदातली एकादशी, रिकामे पोट, आणि तंबूकडून वाऱ्यावर येणारा तो वास. ते ओढ्याच्या खालच्या अंगाला गेले, लाकडी पुलाशी वाकले, आणि तिथे त्यांनी तपासणीची बाटली भरली. पुलापर्यंत येताना ओढ्याला दोन्ही काठांच्या दलदलीचे आणि पावसाचे पाणी मिळते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांचा तर व्यवसायच तो. पण पाणी झऱ्याचेच आहे, जरा उतरून आले आहे इतकेच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि बाटलीवर लिहिले, झरा. त्या क्षणी त्यांना पाप केल्यासारखे वाटले नाही. पाप टाळल्यासारखे वाटले.

तपासणीत पावसाचेच पाणी निघाले. दुसरे काय निघणार? झरा वरच्या टेकडीचा, खाणीशी त्याचा संबंध नाही, असा अभिप्राय वासुदेवरावांच्या सहीने गेला. विभागप्रमुख हेर क्राइझेल यांनी पाठ थोपटली. पुढच्या उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या बोअरींवरचे पंप सुरू झाले. वासुदेवरावांनी स्वतः निवडलेले, वीज कमी खाणारे, आवाज न करणारे पंप. शरदात मासे नेहमीसारखे ओढ्यात चढले, कारण झरा अजून वाहत होता. त्यांनी अंडी घातली आणि ते विश्वासाने तळ्यात परतले. खडकातले पाणी मात्र निमूट, कोणाला न दिसता, खाली जात राहिले.

हिवाळा सरता सरता फाल्गुनातली वद्य एकादशी आली. तिला पापमोचनी म्हणतात. नलवड्यांच्या घरी दशमीच्या रात्री साबुदाणा भिजत घालण्याचे काम वासुदेवरावांचे असे. पाणी नेमके किती, हे त्यांच्याइतके कोणाला जमत नाही, असे सरिताही मान्य करी. सकाळी झाकण काढले की पांढरे, फुगलेले, एकमेकांना न चिकटलेले दाणे पाहून त्यांना मोठे समाधान वाटे. त्या दिवशीही वाटले. खिचडीचा डबा घेऊन ते कचेरीत गेले, आणि दुपारी तिथल्या स्वयंपाकघरात डबा उघडून बसले असता हेन्रिके आत आली.

"जेवताय?"

"उपासाचं आहे. बसा. घ्या थोडी."

हेन्रिके बसली. खिचडी घेतली नाही. तिने पिशवीतून काचेची एक बरणी काढून डब्याशेजारी ठेवली. बरणीत पांढरे, गोल, फुगलेले दाणे होते, सुटे सुटे. वासुदेवरावांच्या ओठांवर जो शब्द आला तो त्यांनी तसाच गिळला.

"झऱ्याच्या गोट्यांखालून काढली," हेन्रिके म्हणाली. "जिवंत असतात तेव्हा केशरी असतात. आत दिवा लावल्यासारखी. आत्तापर्यंत प्रत्येकात दोन काळे ठिपके दिसायला हवे होते, डोळ्यांचे. गोठली की अशी होतात."

"पण झरा तर..."

"झरा नाही. भर हिवाळ्यात आटला. तळापर्यंत बर्फ. कुदळीने फोडून काढली मी ही."

"थंडी फार होती का या वर्षी?"

"नेहमीपेक्षा कमी होती."

वासुदेवरावांनी डब्याचे झाकण लावले. हेन्रिकेने बरणी जराशी फिरवली. दाणे हलले आणि पुन्हा तळाशी बसले.

"हे बघा, मी माशांची बाई," ती म्हणाली. "पाण्यातलं मला कळत नाही, तुम्हाला कळतं. म्हणून आधी तुमच्याकडे आले, क्राइझेलकडे नाही गेले. झऱ्याचं पाणी तपासलं होतं ना आपण?"

सज्जनहो, माणसाच्या आयुष्यात दार उघडे असल्याचा एक क्षण येतो. वासुदेवरावांपुढे ते दार सताड उघडे होते, आणि पलीकडे त्यांच्यावर विश्वास ठेवणारी एक बाई बसली होती.

"हो," ते म्हणाले.

"मग मला काही उलगडत नाही." ती उठली. "बरणी राहू दे तुमच्याजवळ. बघून काही सुचलं तर सांगा."

संध्याकाळी डबा जसाच्या तसा घरी आला. सरिताने तो उघडला आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले.

"अहो, खिचडी परत आणलीत? मीठ जास्त पडलं का?"

वासुदेवरावांनी पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली आणि सगळे सांगितले. पूल, बाटली, वास, एकादशी, आणि दुपारचे ते 'हो'. ऋचा हातातला फोन खाली ठेवून ऐकत होती. ती डार्मश्टाटच्या विद्यापीठात जीवशास्त्र शिकते. मराठी सगळे समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते.

"मुद्दाम थोडंच केलंत?" सरिता म्हणाली. "जन्मात कधी मासा पानात घेतला नाही तुम्ही."

"एक घेतला असता," ऋचा आपल्या जर्मनमध्ये म्हणाली, "तर एकच गेला असता."

"ऋचा, बापाशी बोलते आहेस."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर बोलते आहे. ती बाई थोडे मासे मारून तळं वाचवायला निघाली होती, आई. बाबांनी एकही मारला नाही, आणि बघ." तिने बरणीकडे नुसती मान केली.

"जरा सांभाळून बोलावं माणसानं."

"बोलू दे तिला," वासुदेवराव म्हणाले. "खरं तेच बोलते आहे."

 सरिता उठली आणि तिने बरणीवर एक स्वच्छ पंचा टाकला. आजारी माणसाच्या अंगावर टाकावा तसा.

त्या संध्याकाळी गेमाइंडेझालात वासुदेवरावांचेच कीर्तन होते आणि विषय होता भूतदया. तो त्यांनीच निवडून सगळ्यांना कळवला होता. ते गेले. वाटीत कणीक भिजवली, मळायला घेतली. मळता मळता हात थांबला. दारातून हाउसमाइस्टरने ओव्हनचा विनोद केला, तो त्यांना ऐकू आला नाही. नमन झाले. त्यांनी विषयाला हात घातला. भगवंताने अवतार घ्यायचे ठरवले तेव्हा पहिला देह कोणता घेतला? सिंहाचा नाही, माणसाचा नाही, राजाचा नाही. माशाचा घेतला. इतका लहान, की तो ओंजळीत मावला, आणि ओंजळीतून वर पाहून म्हणाला, मला सांभाळ.

इथे वासुदेवराव थांबले. टाळ वाजवणारे थांबले. पुढचे वाक्य त्यांना पाठ होते, शेकडो वेळा म्हटलेले होते. ते त्यांच्या तोंडून निघेना.

पेटीवर बसलेली शमिका, त्यांच्याच कचेरीतली तरुण अभियंता, हळूच म्हणाली, "काका, घसा दुखतोय का?"

"घसा बरा आहे ग. तू नाम घे. मी मागून साथ करतो."

शमिकाने नाम धरले. सगळे टाळ्या देत म्हणू लागले. वासुदेवरावांचे हात मृदंगावर चालले होते आणि डोळे तसबिरीवर होते. क्षमा कर, असे ते मनात म्हणत होते, आणि म्हणताना त्यांच्या ध्यानात आले की देवाकडे क्षमा मागणे फार सोपे आहे. देव ओळखीचा आहे, लहानपणापासूनचा आहे, प्रेमळ आहे, तो नाही म्हणत नाही. ज्यांची मागायची ते बरणीत होते. आणि जिच्याशी खोटे बोललो ती बाई जिवंत होती, याच गावात राहत होती, आणि तिच्यापुढे उभे राहण्याऐवजी आपण इथे विठोबापुढे डोळे ओले करत बसलो आहोत. पाहता पाहता त्यांना त्या ओल्या डोळ्यांचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हेर क्राइझेल यांच्या खोलीत गेले, आणि जाताना हेन्रिकेला बरोबर घेऊन गेले.

"झऱ्याबद्दलचा माझा अभिप्राय चुकीचा आहे," ते उभ्यानेच म्हणाले. "पश्चिमेचे पंप बंद करायला हवेत. आणि उपसलेलं पाणी शुद्ध करून झऱ्याच्या वरच्या बोअरींमधून परत खडकात सोडायला हवं. आत्ता सुरू केलं तर शरदात मासे येईपर्यंत पाणी वर चढण्याची थोडी आशा आहे."

क्राइझेल यांनी चष्मा काढला. "आल्झो, बरं. शंका आहे की खात्री?"

"मी झऱ्यापर्यंत गेलोच नव्हतो. बाटली पुलाशी भरली होती."

"का?"

"उपास होता माझा. आणि तिथे मासे चिरत होते."

"उपासात पाय चालत नाहीत?" क्राइझेल यांनी विचारले. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरोखरच कळले नव्हते. 

हेन्रिके त्यांच्याकडे पाहत होती. "काल तुम्ही हो म्हणालात."

"तेही खोटं होतं."

 ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. क्राइझेल यांनी खुर्ची पुढे ओढली. खाणवाल्यांचे पश्चिमेचे खोदकाम थांबणार, कचेरीच्या नावाला बट्टा लागणार, हे त्यांच्या कपाळावर स्पष्ट उमटले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आपल्या परीने दोर फेकला.

"असं करू या. नवी माहिती हाती आली, असं कळवू. कोणाच्या अंगावर येणार नाही."

"माहिती नवी नाही. पुलाशी पाणी मिसळतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं."

"हे असंच कळवलं, तर या कामावर तुम्हाला ठेवता येणार नाही मला. पुढेही एकट्या तुमच्या सहीवर काही जाणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय. असंच कळवा."

आणि तसेच कळवले गेले. खाणवाल्यांना, आणि स्वीडनमधल्या परवानगी देणाऱ्या कचेरीलाही. बर्फ सैल होताच हेन्रिके उत्तरेला गेली, आटलेल्या झऱ्याच्या तोंडातच नळी खोल घालून तिने पाणी काढले, आणि ते खोल खडकाचे निघाले. पश्चिमेचे पंप थांबले. शुद्ध केलेले पाणी खडकात परत जाऊ लागले. हे काम आता दुसरेच कोणी पाहत होते. वासुदेवरावांच्या वाट्याला इमारतींच्या तळघरांतले पंप आले.

वाईट याचे वाटत नव्हते. वाईट वेगळ्याच गोष्टीचे वाटे. पुढच्या वाढदिवसाला कचेरीत केक आला, आणि त्याच्याशेजारी, नेहमीसारखा, त्यांच्यासाठी बिनअंड्याचा लहान केक आला. सगळ्यांना सगळे ठाऊक होते, तरी कोणीतरी तो आठवणीने भाजला होता. वासुदेवरावांनी तो प्रत्येकाचे आभार मानत खाल्ला, आणि त्यातला एकेक घास त्यांना दगडासारखा उतरला. त्यांना वाटले, रागावले असते तर बरे झाले असते. घरीही दशमीला साबुदाणा भिजेनासा झाला. कोणी काही ठरवले नाही. सरिताने नुसती डब्याची जागा बदलली आणि वरीचे तांदूळ पुढे आणून ठेवले.

उन्हाळाभर ते खडकातल्या पाण्याची पातळी विचारत राहिले. अधिकाराने नाही, हेन्रिकेच्या दाराशी जाऊन, दाराबाहेर उभे राहून. सुरुवातीला ती मान न वळवता उत्तर देई. "तसंच आहे." पुढे म्हणू लागली, "हललंय थोडं." आणि पानगळ लागताना एके दिवशी ती आपणहून त्यांच्या टेबलाशी आली.

"मी निघाले उत्तरेला. यायचं असेल तर या. आपल्या रजेनं, आपल्या तिकिटानं. आणि आधीच सांगते, तुमची ती एकादशी त्याच आठवड्यात असेल, मी बघितलं आहे."

"येतो," वासुदेवराव म्हणाले.

आश्विनातली एकादशी होती. बर्चची पाने पिवळी होऊन गळून गेली होती, तळ्याच्या कडेला पातळ बर्फाची किनार धरली होती. लाकडी पूल आला तेव्हा हेन्रिके थांबली नाही आणि वासुदेवरावही थांबले नाहीत. काठाकाठाने, दलदलीतून, ती दोघे उगमाशी आली. तंबू ठोकलेला होता. आत फळी होती, फळीवर सुरी होती. फळी कोरडी होती, सुरी स्वच्छ होती. कसलाच वास नव्हता.

"या वर्षी चिरायचे नाहीत," हेन्रिके म्हणाली. "चिरण्याइतके आलेलेच नाहीत. तुमच्या एकादशीला बरंच झालं म्हणा."

वासुदेवरावांना जे सोवळे हवे होते ते असे मिळाले.  रबरी विजार चढवून ते पाण्यात उतरले, गुडघ्यांवर बसले, आणि त्यांनी गोट्यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. ओढ्याचे पाणी सुरीसारखे लागत होते. मग तळाशी, तळव्याला, काहीतरी निराळे लागले. वर येणारे, बारीक, अडखळत येणारे, किंचित कमी गार असे पाणी. झोपलेल्या लेकराचा श्वास हातावर यावा तसे. झरा पूर्वीसारखा नव्हता. पण होता.

वरच्या बाजूला लाल पोटाच्या मोजक्या सावल्या प्रवाहाला तोंड करून उभ्या होत्या. हेन्रिकेने जाळीने एक मादी अलगद उचलली आणि काही न विचारता वासुदेवरावांच्या ओल्या हातांत दिली.

"धरा, मोजते मी. आवळू नका. खालून आधार द्या फक्त."

त्या हातांनी आजवर मासा कधी धरला नव्हता. मादी जड होती, पोटात अंडी होती. तिची धडधड त्यांच्या बोटांना लागत होती आणि त्यांची धडधड बहुधा तिला. मोजून झाले. त्यांनी हात पाण्याखाली नेऊन उघडले. ती क्षणभर तशीच राहिली, जणू अजून धरलेलीच आहे, आणि मग गोट्यांकडे निघून गेली.

"लोझे बाई," वासुदेवराव पाण्यातूनच म्हणाले, "पुढे कधी या तळ्यातले मासे कोणी तपासले, तर कळेल का, ती अंडी गेली ते?"

"कळेल. कानातले खडे बघितले की कळेल. मागच्या-पुढच्या वर्षांचे मासे मिळतील. त्या एका वर्षाचा एकही मिळणार नाही."

"कोणामुळे, ते?"

"खड्यावर वर्ष असतं, हेर नलवडे. नाव नसतं."

तिने हे समजूत घालण्यासाठी म्हटले असेल, किंवा नसेलही. मग तिने पिशवीतून एक रिकामी बाटली काढून त्यांच्याकडे केली आणि ती काठावर जाऊन बसली. वासुदेवरावांनी बाटली गोट्यांच्या फटीत, जिथे तो बारीक श्वास लागत होता तिथे, उलटी धरून नेली आणि तोंडाशी पोहोचल्यावर सुलटी केली. पाणी फार सावकाश भरत होते. हात बधिर झाला, खांद्यापर्यंत कळ गेली. ओठांवर आलेले नाम त्यांनी या वेळी मोठ्याने घेतले नाही. बाटली भरेपर्यंत ते हललेही नाहीत.